फक्त कागद आणि पुस्तकांसाठी

सर, मंगळवारी तुमच्या ग्रंथालयात जाऊन आले. आता ते तुमचं राहिलं नाही आणि माझंही नाही, पण पायऱ्या चढताना तोंडातून तेच निघतं. गुडघे कुरकुरतात म्हणून कठड्याला धरून चढले. वर नवीन ग्रंथपाल मॅडम उभ्याच होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी हात दिला. विद्यापीठाच्या या उपकेंद्रात त्यांनी आठवडाभराचा कार्यक्रम ठेवलाय. खाली पुस्तकविक्री, दुपारी पोरापोरींचं वाचन, आणि वरच्या दालनात ग्रंथालयाच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन. तुमचा तारखेचा शिक्का मांडलाय, कार्डांचे लाकडी खण मांडलेत, बाजाराच्या दिवशी आपण दारात लावायचो तो फलकही कुठून तरी शोधून काढलाय. आणि मधल्या काचेच्या कपाटात त्या पाच बरण्या आहेत, सरकीच्या. त्यांच्यापुढे तुमच्या हातचं कार्ड. शाई विटली, पण अक्षर तेच, दाणे निवडून ठेवल्यासारखं. ‘या बरण्यांतील बी उगवले नाही. जपण्यात ग्रंथपालाची चूक झाली.’ मॅडमनी त्याच्याखाली छापील कागद लावलाय, आपली चूक लिहून ठेवणारा माणूस किती मोठा म्हणून. लोक वाचतात, मान हलवतात, मोबाईलवर फोटो काढतात. सर, ती चूक तुमची नव्हती, माझी होती. एवढं एक वाक्य कागदावर यायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहितेय तरी कोणाला, तर जो वाचायला नाही त्याला.

मी तुमच्याकडे आले तेव्हा चौथी पास होते आणि तीही जेमतेम. रोजंदारीवर झाडायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला मावशी म्हणालात. तुम्ही माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, डोक्यावर चांदी आलेली, आणि मला मावशी. मी घरी जाऊन सांगितलं तर सासू म्हणाली, बरं झालं, आयता भाचा भेटला, त्याच्याकडून पगार वाढवून घे. दोन महिन्यांनी तुम्ही काही कामासाठी विद्यापीठात गेलात आणि मी ठरवलं, सरांना खूश करू. एका दालनातली सगळी पुस्तकं खाली काढली, पुसली आणि उंचीप्रमाणे लावली. लाल एकीकडे, निळी एकीकडे, जाड खाली, बारीक वर. घरी डबे लावते तशी. तुम्ही नांदुऱ्याच्या बसमधून उतरून आलात, दारातच थांबलात. मग म्हणालात, “मावशी, हे रुखवत नाई व्हय.” मला आधी हसू आलं, मग तुमच्याकडे पाहिलं आणि ते तोंडातच राहिलं. तुम्ही पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या, आणि तीन दिवस आपण दोघांनी एकेका पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा बघून ते परत जागेवर लावलं. त्या तीन दिवसांत मी दशांश शिकले. शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, “तुमचा हात चांगला हाय. पण इचारून करत जा. आन् चुकलं तं सांगत जा. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवलेल्यापेक्षा वाईट. हरवलेलं तं माणूस शोधते तरी.” तुमचा हात चांगला आहे, हे मला तोवर भाकरीच्या बाबतीतसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं. ते मी पदराच्या गाठीत बांधलं. पुढचं मात्र सोडून दिलं.

मग तुम्ही मला वाचायला बसवलंत. दुपारी डबा खाऊन झाला की अर्धा तास. शुक्रवारी तुम्ही नमाजाला जायचे तेव्हा म्हणायचे, मावशी, काउंटर तुमच्याकडे, आणि मी त्या खुर्चीत बसून जे हाती येईल ते वाचायची. शेतीच्या पुस्तकांपासून ते दाईच्या पुस्तकांपर्यंत. ते दिवस बीटी कपाशीच्या बियाण्याचे. मोताळ्याच्या बाजारात जो तो पाकीट हातात धरून फिरायचा. पाकिटावर बोंडं कशी, तर नारळाएवढी. आत मात्र एक घडी घातलेला कागद, त्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि मोठ्या पाकिटात एक लहानशी पुडी. ती पुडी कशाला असते ते कोणाला ठाऊक नसायचं. कोणी फेकून द्यायचे, कोणी शेळीपुढे टाकायचे. तुम्ही फलक रंगवून घेतला: बाजाराच्या दिवशी येथे पाकिटावरील मजकूर वाचून दाखवला जाईल. विद्यापीठातल्या कोणी तुम्हाला विचारलंही, की ग्रंथालयाचं हे काम आहे का. तुम्ही म्हणालात, वाचायचंच काम आहे साहेब, आणखी कशाचं आहे. वाचायला मला बसवलंत. पहिल्या दिवशी ती बारीक अक्षरं मला लागेनात. तुम्ही खिशातून भिंग काढून टेबलावर ठेवलं, पितळी कडीचं, तुमच्या वडिलांचं. म्हणालात ठेवा तुमच्याकडेच. त्या भिंगातून मी वाचलं, की ती लहान पुडी म्हणजे साधी कपाशी असते, शेताच्या कडेनं लावायची, अळीला तिथं चरू द्यायचं. फवाऱ्याच्या बाटलीवरचं वाचलं, की वाऱ्याच्या दिशेला तोंड करू नका, उपाशीपोटी मारू नका. लोक ऐकायचे आणि एकमेकांकडे पाहायचे. ते भिंग अजून माझ्याकडे आहे. आता लिहितेय तेही त्याच्यातूनच बघून.

बरण्यांचं तुमच्या डोक्यात कधी आलं ते मला नेमकं आठवतं. तुमचे वडील पिंजारी. नांदुऱ्यात गाद्या भरायचे, आणि डोळे मिटून बोटांत कापूस धरून सांगायचे हा कोणत्या गावचा. ते गेले तेव्हा तुम्ही चार दिवसांनी कामावर आलात आणि डबा न उघडताच म्हणालात, की आता बोटांना ओळखायला दोन तऱ्हेचा कापूस राहिला नाही, सगळा एकच येतो. आठवड्याभरात तुम्ही गावं पालथी घालायला लागलात. जुन्या गावरान कपाशीची पऱ्हाटी कोणाकडे आहे का, कुठं बांधावर, कुठं परसात वातींसाठी लावलेली. महिनोन्‌महिने फिरून पाच जातींची सरकी मिळाली. त्यातली एक माझ्या आईची. ती मी स्वतः माहेरून आणली, फडक्याच्या पुरचुंडीत, चुलीच्या राखेत घोळलेली. आई म्हणाली, “राख झटकू नको माय, राखेतच ते जित्तं राह्यते.” तुम्ही ठरवलं होतं, की आधी या बरण्यांचं प्रदर्शन करायचं आणि मग मृगात हे बी पुस्तकासारखं उसनं द्यायचं. ओंजळभर न्यायचं, पीक आलं की दोन ओंजळी परत आणायचं. त्यासाठी तुम्ही वेगळी कार्डं छापून घेतलीत, नाव, गाव, जात कोणती, न्यायची तारीख. तुम्हाला इतकं खुशीत मी तुमच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आधी तुम्हाला विद्यापीठात आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. जाताना म्हणालात, मावशी, बरण्या काचेच्या कपाटात मांडून ठेवा, मी आल्यावर कार्डं लावतो. मी पुरचुंड्या सोडल्या तर एकीत दोन बारीक किडे फिरताना दिसले. सर, तुम्हीच शिकवलं होतं, की बाहेरून आलेलं काहीही आधी धुरीच्या कपाटात गेलं पाहिजे, मग फळीवर. देणगीत आलेल्या पुस्तकांना आपण तेच करायचो. लोखंडी कपाट, तळाशी बल्ब, त्यावर बशीत ओव्याच्या फुलाचे खडे, दार घट्ट लावलेलं. बल्बच्या उबेनं खड्यांची वाफ होते, पानापानात शिरते, कीड आणि बुरशी मरते. मी सरकीची राख फडक्यानं पुसून काढली, कारण मोठे पाहुणे येणार आणि राखेची बरणी बरी दिसेना. बरण्यांत भरली, झाकणं काढली, म्हणजे धूर नीट आत जाईल. पाचही बरण्या कपाटात ठेवल्या. बल्ब तुम्ही रोज दोन तास लावायला सांगायचे. मी सकाळी लावायची ते संध्याकाळी जाताना बंद करायची. आठ दिवस. कोणाला विचारलं नाही. विचारायचं मनातही आलं नाही, उलट वाटत होतं, सर आले की म्हणतील, मावशी, हे बरं सुचलं तुम्हाला. मी शेतकऱ्याची पोर. आईनं राखेत का ठेवलं हे माझ्या हाताला ठाऊक होतं, पण त्या वेळी माझा हात ग्रंथालयाचा झाला होता.

तुम्ही आलात, प्रदर्शन झालं, भाषणं झाली. पाहुण्यांनी तुमची पाठ थोपटली. बरण्या तुम्ही मांडलेल्याच पाहिल्या, झाकणं लावलेल्या, चकचकीत पुसलेल्या. मांडण्याआधी त्या कुठं ठेवल्या होत्या हे तुम्ही विचारलं नाही आणि माझं सांगायचं राहून गेलं. तेव्हा ते खरंच राहून गेलं होतं, लपवलं नव्हतं. मृगात अकरा जणांनी बी नेलं. बहुतेकांनी बांधाच्या कडेला थोडंथोडं लावायला म्हणून. पण जवळच्या खेड्यातली एक काकू होती, तुम्हाला आठवत असेलच, बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर पाकीट आदळून म्हणायची, वाच बाई, काय खोटं लिहिलं हाय ते. तिनं अर्धा एकर त्यात घालायचं ठरवलं. बीटीवर लागोपाठ दोन वर्षं तिची अळी आटोक्यात आली नव्हती. नवरा नको म्हणत होता, ती त्याच्याशी भांडून ओंजळभर नाही, अर्धी बरणी सरकी घेऊन गेली. माझ्या आईची.

पंधरा-सोळा दिवसांनी ती आली. बाजाराचा दिवस नव्हता. थेट तुमच्या टेबलापाशी गेली आणि पदर मोकळा केला. मातीत उकरून काढलेली सरकी टेबलावर पसरली, काळी, मऊ, कुठंच मोड नाही. ती ओरडली नाही. म्हणाली, “घ्या सायेब तुमचं पुस्तक वापस. वाचून झालं.” वाचनकक्षातली पोरं हसली. तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं तशी गप्प झाली. मग खुर्चीत बसली आणि हळू आवाजात सांगितलं, की नवरा आता रोज जेवताना विचारतो, ग्रंथालयातलं बी उगवलं का गं. अर्धा एकर तसाच पडला, दुसरी कपाशी लावायचा वापसा निघून गेला. तुम्ही उठून तिच्यासमोर उभे राहिलात. म्हणालात, “चूक माझी हाय, काकू. मी पाह्यलं पायजे होतं.” आणि मी पाठीमागच्या फळीशी उभी, हातात फडकं, एकाच पुस्तकाची पाठ पुसत. त्या रविवारी तुम्ही तुरीचं बी घेऊन बसनं तिच्या गावाला गेलात आणि ती मोकळी जागा तिच्यासोबत स्वतः टोबलीत. हे मला तुम्ही नाही सांगितलं. काकूनंच सांगितलं पुढं, बाजारात, की तुझा सायेब वाकला तं मले वाटलं आता उठत नाई.

सोमवारी तुम्ही मागच्या व्हरांड्यात ओलं गोणपाट अंथरून पाचही बरण्यांतलं बी मोजून त्यावर ठेवलंत. रोज पाणी शिंपडायचे. आठव्या दिवशी एकही दाणा फुगून फुटला नव्हता. मी तेव्हा समजले. धुरीच्या कपाटातले ते आठ दिवस. तुम्ही बरण्या टेबलावर घेतल्या, एकेकीचं झाकण काढून आत पाहिलं, नाकाशी नेलं, परत झाकण लावलं. पाचही. मी चहा घेऊन आले होते. येताना जिन्यावर ठरवलं होतं, चहा ठेवला की सांगायचं. शब्दसुद्धा जुळवले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मावशी, काई सांगायचं हाय काय?” मी म्हणाले, साखर कमी पडली का ते विचारायचं होतं. तुम्ही एक घोट घेतला. “नाई, बरोबर हाय,” म्हणालात. मी निघाले तरी तुम्ही लगेच दुसऱ्या कामाला लागला नाहीत. मी दारातून मागे पाहिलं तर चहा तसाच हातात होता.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड आलं. बरण्या तुम्ही फेकू दिल्या नाहीत, कार्डासकट काचेच्या कपाटात ठेवल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. विद्यापीठाचे कोणी आले की हसायचे, हे काय मांडलंय म्हणून. उसनं बी देण्याचं तुमचं काम तिथंच थांबलं. छापलेली कार्डं मागच्या बाजूनं कच्च्या कामाला वापरली आपण. आणि त्याच आठवड्यात धुरीच्या कपाटावर तुम्ही एक कागद चिकटवलात: ‘फक्त कागद आणि पुस्तकांसाठी’. त्या कागदावरून मी पुढची अकरा वर्षं दर सोमवारी फडकं फिरवलं. कडा सुटल्या तेव्हा मीच डिंक लावून परत चिकटवला. आई तिसऱ्या वर्षी गेली. तिच्याकडे त्या जातीची सरकी उरली नव्हती, होती नव्हती ती मी आणली होती. जायच्या आधी तिनं एकदा विचारलं, माह्या सरकीचं काय झालं गं तुह्या कालेजात. मी म्हणाले, लोकांच्या शेतात हाय. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, की या ग्रंथालयात एकच माणूस असा आहे, ज्याच्या हाती मी डोळे मिटून काहीही देईन. टाळ्या झाल्या. मी पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं भरून आलं. नंतर दीडच वर्षात नांदुऱ्याहून निरोप आला. मी तुमच्या घरी आले होते, बायकांत बसले होते. तुमच्या मंडळींनी माझा हात धरून सांगितलं, ते म्हणायचे, मावशीनं ग्रंथालय घरासारखं सांभाळलं. तिथंही सांगता आलं असतं. पण अशा घरात आपलं ओझं कुठं उतरवायचं, असं मी स्वतःला समजावलं. समजावायला मला नेहमीच काहीतरी सापडत आलंय.

आता मंगळवारचं. मॅडमनी मला खुर्ची दिली आणि त्या कार्डाबद्दल दोन शब्द बोला म्हणाल्या. समोर चाळीसेक पोरंपोरी, शेतकी शाखेची जास्त. मी बोलले. तुमच्याबद्दलच बोलले, बाजाराच्या टेबलाबद्दल, भिंगाबद्दल, रुखवताबद्दल. पोरं खूप हसली. कार्डापाशी आले आणि म्हणाले, सरांचं मन मोठं होतं. तिथं थांबले. एका पोरीनं उठून विचारलं, पण बी नेमकं कशानं मेलं, आजी? मी म्हणाले, जुनी गोष्ट आहे बाळा, कोणास ठाऊक. कार्यक्रम संपला, पोरं खाली गेली. मॅडमनी मला दाखवायला म्हणून एक बरणी काढली, झाकण जोर लावून फिरवलं, आणि चेहरा आत घातला. मग माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “मावशी, वास घ्या ना. ओवा आहे हा. सरकीला ओव्याचा वास कसा येईल?” अगदी पुसट होता, सर. पण होता. इतक्या वर्षांनी, मॅडमच्या सर्दी झालेल्या नाकालाही कळला. मी म्हणाले, पूर्वी कोणीतरी त्यात ओवा भरला असेल, जुन्या बरण्या त्या. त्यांना पटलं. मी घरी यायला निघाले. बसच्या खिडकीशी बसल्यावर मनात आलं, की तुम्ही पिंजाऱ्याचा मुलगा, बोटांनी गाव ओळखणाऱ्याचा. त्या दिवशी पाच बरण्या नाकाशी नेल्या तुम्ही, तेव्हा वास ताजा होता. आणि मग माझ्याकडे पाहून विचारलंत काही सांगायचंय का. आणि मग तो कागद कपाटावर लावलात. अकरा वर्षं मी ज्याला डिंक लावत राहिले तो कागद मलाच लिहिलेला होता.

मी समजत आले की मी तुम्हाला फसवलं. आता कळतंय की तुम्ही फसलेच नव्हते, तुम्ही वाट पाहत होता. रोज चहा घेताना, शुक्रवारी काउंटर माझ्या हाती देताना, त्या निवृत्तीच्या भाषणात ‘डोळे मिटून देईन’ म्हणालात तेव्हासुद्धा. मला आजवर वाटायचं नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिले. तेही खरं नाही. तुम्ही शिपायाची नोकरी घालवणारे नव्हते हे मला ठाऊक होतं. तुमचा हात चांगला हाय, हे तुमच्या तोंडचं वाक्य माझ्याकडून परत जाऊ नये, एवढ्यासाठी मी काकूला तुमच्यापुढे पदर झटकू दिला, आणि तुम्हाला तिच्या शेतात वाकू दिलं. ओवा मी तेव्हापासून घरात आणत नाही. सुना म्हणतात सासूबाईंना पित्त आहे.

हे पत्र कुठं टाकायचं? नांदुऱ्याचं घर तुमच्या मुलांनी विकलं, आता तिथं कोणी दुसरेच राहतात. भिंगाच्या डबीत घडी करून ठेवीन, मावलं तर. उद्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. बरण्या आणि कार्ड परत ठेवायला मॅडमनी मला बोलावलंय, मावशी, तुमचा हात सांभाळून चालतो म्हणाल्या. तुमच्या दोन ओळींच्या खाली एक ओळ बसेल एवढी जागा आहे, मी मंगळवारीच बघून ठेवली. पेन पिशवीत टाकलंय. सकाळी जिना चढायच्या आधी मॅडमना सांगायचं ठरवलंय, शब्दही जुळवलेत. पण सर, तुमच्यापासून काय लपवू, ठरवलं तर मी त्या चहाच्या दिवशीही होतं.